बैरंग टपाल

श्रोतेहो, नमस्कार.

आमचा जुना वाडा ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या दौलतगंजला. देवडीत एक लाकडी बाक होता. दुपारी बाराच्या सुमारास पोस्टमन तिथं घटकाभर टेकायचा आणि आजी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं यायची. एक दिवस त्यानं पाकीट दाखवलं, "अम्माजी, बैरंग है." म्हणजे पाठवणाऱ्यानं तिकीटच लावलेलं नाही, टपालखर्च दुप्पट होऊन घेणाऱ्याच्या माथी. महाराष्ट्रातून इथं आलेली मंडळी त्याला नॉटपेड म्हणत. आजीनं चष्मा न लावताच अक्षर ओळखलं. दूरचे एक नातेवाईक होते, ते उसने पैसे मागायचे, आणि तेही बैरंग पत्रानं! "ले जाओ भैया, हम नहीं छुड़ाते." पत्र आल्या वाटेनं परत गेलं. त्यांचं बैरंग पुन्हा काही आलं नाही.

ईमेलमधलं 'ब्लॉक' म्हणजे आजीचं हेच 'ले जाओ', असा माझा बरीच वर्षं समज होता. तो गेला एका मुंजीपायी. ती सांगतेच, पण आधी थोडं मागचं.

मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागद आला की शिक्का, क्रमांक, तारीख, आणि ज्याचा त्याच्याकडे रवाना. संध्याकाळी टेबल मोकळं. अशी बाई निवृत्त झाली आणि दोन वर्षांत तिच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये न उघडलेले ९,००० मेल साठले. साड्यांचे सेल, कर्ज घ्या, गुडघ्याचं तेल, परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्या, या वयात! शिवाय तीळ-गुळाची गजक विकणारा एक गजकवाला थंडीभर रोज सकाळी आठवण करून द्यायचा. गजक मला आवडते, पण रोज आठवण लागावी इतकं विस्मरण अजून झालेलं नाही.

एवढं येतं कुठून? पोस्टकार्डाला ५० पैसे पडतात, आणि ते लिहिणाऱ्याच्या खिशातून जातात. हात दुखतो तो वेगळाच. मेलचं तसं नाही. दहा जणांना पाठवा की दहा लाखांना, खर्चात म्हणण्यासारखा फरक नाही. एका अर्थी सगळं ईमेल बैरंगच आहे, छुडवतो आपण, आपल्या वेळानं.

आणि हे काही आजकालचं नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री-प्रचारवाल्या गृहस्थांनी सुमारे ४०० जणांना एकच मेल धाडला. इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट नावाचं जाळं होतं, त्याच्या छापील यादीतून पत्ते उचलले होते. ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, उरलेले खालच्या मजकुरात सांडले. मेलमध्ये काय होतं? आमंत्रण! कंपनीचे नवे संगणक बघायला या. लोक चिडले, तक्रारी झाल्या. न मागता घाऊक आलेला पहिला मेल म्हणून त्याचं नाव आजही घेतात.

तर आमंत्रणावरून मुंज. माझे एक मामेभाऊ पुण्याला असतात, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नानांना निवृत्तीनंतर ईमेलचा नाद लागला. दिवसाला पाच-सहा मेल: कारल्याचा रस, देवळांचे फोटो, दुपारी विनोद, रात्री वैराग्य. एकदा ऐन घाईत मला विम्याची पावती सापडेना, वर नानांचेच सात मेल. रागाच्या भरात मी त्यांना ब्लॉक केलं. काय शांतता झाली म्हणून सांगू! महिना-दीड महिन्यानं फोन आला. "काय गं, एवढी मोठी झालीस? नातवाच्या मुंजीला आली नाहीस ते नाहीस, दोन ओळी तरी पाठवायच्या." मी म्हटलं, "नाना, पत्रिकाच नाही हो मिळाली." "मेलनं पाठवली की! तुझं आपलं सगळं मेलवर असतं म्हणून छापील नाही पाठवली."

फोन ठेवला आणि स्पॅमचा, म्हणजे नकोशा मेलचा, कप्पा उघडला. जन्मात पहिल्यांदाच. वर लॉटरी, खाली कर्ज, आणि मधे नाना, नाना, नाना. पत्रिका मात्र नव्हती, कारण त्या कप्प्यातला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. सापडला तो मुंजीचा फोटो. गोटा केलेला पोरगा, हातात दंड, पुढं केलेली झोळी, आणि आई भिक्षा वाढतेय. तो तिथं एका केस उगवण्याच्या जाहिरातीला टेकून बसला होता.

तेव्हा लक्षात आलं की जीमेलमधलं ब्लॉक म्हणजे 'ले जाओ वापस' नव्हे. मेल परत जात नाही आणि पाठवणाऱ्याला काही कळतही नाही. पत्र घरात येतं, फक्त माजघराऐवजी अडगळीच्या खोलीत पडतं, आणि महिन्यानं जाळलं जातं. ज्याला खरंच तोडायचं आहे, त्याच्यासाठी ते ठीकच आहे. त्रास देणारा माणूस, नको तिथं लघळपणा करणारा, जुनं भांडण उकरणारा, त्याला खुशाल ब्लॉक करा, मन खाऊ देऊ नका. मेल उघडल्यावर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी तीन टिंबं दिसतात, त्यांत ब्लॉक सापडेल. फोनवर अगदी वरच्या कोपऱ्यातही तीन टिंबं असतात, ती वेगळी. चुकून कोणाला ब्लॉक केलं असेल तर संगणकावर सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस' असं पान आहे, तिथं सगळी यादी मिळते. ती वर्षातून एकदा वाचा. माझ्या यादीत नानांशिवाय माझी विमा कंपनीही निघाली!

दुकानदारांवर ब्लॉक खर्च करू नका. ते आज एका पत्त्यावरून लिहितात, उद्या दुसऱ्या. त्यांना यादीतून आपलं नाव काढायला सांगावं, म्हणजे अनसबस्क्राइब. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळ तो शब्द दिसतो. २०२४ पासून जीमेलनं नियम केला आहे की दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्या जाहिरातदारांनी एका बटणात नाव काढायची सोय द्यावी आणि दोन दिवसांत नाव काढावं. २०२५ मध्ये तर 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं पानच आलं, तुम्हाला डावीकडच्या यादीत दिसत असेल तर. कोण किती पाठवतो ते तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. आमच्या कचेरीत असं एखादं रजिस्टर असतं तर किती साहेब लाजले असते! गजकवाला त्याच पानावरून गेला. दुकानात जातेच आहे मी अजून.

चोरांची गोष्ट निराळी. 'तुमचं खातं आज रात्री बंद होणार' असा मेल आला तर त्यातल्या अनसबस्क्राइबलाही हात लावू नका. तुम्ही ते दाबलंत की चोराला कळतं, या घरात माणूस राहतो. 'रिपोर्ट स्पॅम' दाबायचं आणि बाहेर पडायचं. बँकेच्या मेलमधल्या दुव्यावरून बँकेत जायचंच नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपापल्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याचं शेपूट वाचायची सवय लावा. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणखी एक गंमत. मला महिनोन्महिने कुठल्याशा परदेशी दातांच्या दवाखान्यातून वेळा यायच्या. माझ्याच नावाची कोणी बाई, तिची दाढ किडलेली. जीमेलला पत्त्यातलं टिंब दिसत नाही. नाव-आडनावामध्ये टिंब द्या, नका देऊ, पेटी एकच. त्या बाईनं आपला पत्ता सांगताना काहीतरी चूक केली असणार, आणि तो जुळला माझ्याशी. इथं ब्लॉक कशाला? चुकून दारात आलेलं शेजाऱ्याचं पत्र आपण फाडत नाही. मी दवाखान्याला दोन ओळी लिहिल्या, ते थांबले. दाढेचं पुढं काय झालं, याची मात्र चुटपुट राहिली.

साचलेलं कसं काढायचं? सगळं वाचत बसलात तर संपलंच. १ एप्रिल २००४ ला जीमेल निघालं तेव्हा १ जीबी जागा फुकट म्हणजे लोकांना एप्रिल फूलच वाटलं होतं. आता १५ जीबी मिळते, पण गूगलवर ठेवलेले फोटो आणि ड्राइव्हमधल्या फायली धरून, आणि ती भरली की नवे मेल आत येईनासे होतात. म्हणून आधी जड सामान. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत लार्जर लिहा, मग कोलन, मग जागा न सोडता १० आणि एम. १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. माझ्याकडे १४० निघाले, त्यातली निम्मी नानांची देवळं.

नानांना मी अर्थात मोकळं केलं. त्यांच्यासाठी फिल्टर केला आहे, म्हणजे त्यांचा मेल आला की आपोआप ठरलेल्या कप्प्यात जावा असा नियम. तो संगणकावर करावा लागतो, फोनवरच्या अॅपमध्ये होत नाही. त्यांचा पत्ता घातला, 'इनबॉक्स टाळा' आणि 'स्पॅममध्ये कधीच टाकू नका' या दोन्ही चौकटींत खूण केली, आणि कप्प्याला नाव दिलं 'देवडी'. रोज येणारं सगळं तिथं बाकावर बसतं. रविवारी चहा घेऊन मी जाते. गेल्या रविवारी ३४ होते, कारल्यावर तीन. एकात बटूचा शाळेतल्या पहिल्या भाषणाचा व्हिडिओ होता, १८ एमबीचा. तो मी ठेवला आहे.

नमस्कार.