तीन काड्या

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी मी सेमिनार हा विषय निवडला, तो केवळ वेळापत्रकात सोयीचा बसत होता म्हणून. पहिल्या तासाला मी वहीत तारीख घालून लिहायला सज्ज बसले होते. प्राध्यापिकाबाई आल्या, गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसल्या, प्रत्येकाला एका पानाचा उतारा आणि काड्यापेटीतल्या तीन काड्या दिल्या आणि गप्प राहिल्या. नियम एवढाच होता की, बोलायचे असेल तेव्हा एक काडी मध्ये टाकायची आणि काड्या संपल्या की तास संपेपर्यंत नुसते ऐकायचे.

माझ्या तिन्ही काड्या दहा मिनिटांत संपल्या.

शाळेपासून हात वर करण्यात पटाईत असलेल्या मला पुढचा वेळ फार जड गेला. उताऱ्यात एक साधे वाक्य होते, ‘तो गरीब होता, म्हणून प्रामाणिक होता.’ मी ते केव्हाच ओलांडून पुढे गेले होते. तोवर तोंडही न उघडलेल्या एका मुलाने आपली पहिली काडी टाकली आणि विचारले, “इथे ‘म्हणून’ का? ‘तरी’ का नाही?” पुढचा अर्धा तास त्या एका शब्दावर गेला. ‘म्हणून’ म्हटले की गरिबी हे सद्गुणाचे कारण ठरते. ‘तरी’ म्हटले की गरीब माणूस सहसा अप्रामाणिकच असतो, असे आपण न बोलता मान्य करतो. आणि साधे ‘आणि’ घातले, तर लेखकाला जे सुचवायचे आहे तेच नाहीसे होते. मला यात भर घालायची होती, पण काडी नव्हती.

बाईंच्या मौनाचा मला सुरुवातीला रागच आला होता. शिकवायचे नसेल तर वर्गात यायचे कशाला, असे मी मैत्रिणीला म्हटलेही. पुढे वाचनात आले की, मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. ती वाट ३ सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. आमच्या बाई तर मिनिटभरसुद्धा थांबत.

महिन्याभराने दुसरा नियम आला, आणि तो काड्यांहून अवघड होता. आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय स्वतःचे मत मांडायचे नाही. ही युक्ती मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली सुचवली होती. ऐकायला सोपी वाटते, पण समोरचा “नाही, मी असे म्हणालो नव्हतो” म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मला चार वेळा प्रयत्न करावा लागला आणि पाचव्या वेळी, त्याचे म्हणणे नीट सांगून झाल्यावर, माझा आक्षेपच उरला नाही. (याला हरणे म्हणायचे का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.)

सत्राअखेरीची परीक्षाही तशीच होती. वर्गातल्या ज्या व्यक्तीशी आपले सर्वांत कमी पटते, तिची भूमिका दोन पानांत लिहायची आणि गुण त्या व्यक्तीनेच द्यायचे. मला दहापैकी सहा मिळाले. निदान सात तरी मिळायला हवे होते, असे मला अजून वाटते.