दहांतली एक

(दृश्य: बार्शीहून धाराशिवकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी)

साल १९९९. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं इथल्या गावांत फिरून तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची नोंद करत होती. मुंबईचं टाटा मेमोरियल सोबत होतं. नोंद झाली १,३१,७४६ जणींची. प्रश्न एकच होता: गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कोणत्या तपासणीनं वेळेत सापडतो?

गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही चाचणी झाली, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा शोध. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तिसऱ्यात तिथे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी मात्र केली नाही. यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्तच होती.

(दृश्य: नमुना घेण्याचा छोटा ब्रश, द्रव भरलेली नळी)

एचपीव्हीची तपासणी म्हणजे एवढंच. ब्रश पिशवीच्या तोंडाशी फिरवायचा, नळीत बुडवायचा, झाकण लावायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. तरी आतली तपासणी म्हटलं की बायका अंग चोरतात. दुखणं नाही, अंगावरून काही जात नाही, मग कशाला दाखवायचं, असं त्यांना वाटतं.

या गावांत एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे सत्तावीस हजार बायकांपैकी दहा टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह निघाल्या. दहांतली एक. घरसंसार करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, त्या दिवशी काहीही त्रास नसलेल्या बायका. आणि हा झाला एका दिवसाचा हिशेब. आयुष्यभराचा धरला, तर शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे बाईनं किंवा तिच्या नवऱ्यानं काही वावगं केलं, असा अर्थ काढूच नका. संसर्ग दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. या एका संशयापायी घरं मोडू नयेत, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे.

बहुतेक जणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत या विषाणूला आपणहून हुसकावून लावतं. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. दोनशेहून अधिक प्रकारांपैकी डझनभर धोक्याचे, त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे सगळ्यांत वाईट. पेशी बिघडत कॅन्सर व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. एवढी मोठी सवड फार थोडे कॅन्सर देतात.

(दृश्य: आलेख, चारही गट)

आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पहिल्या गटात बायका जास्त असूनही मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि एचपीव्ही चाचणीची शिफारस करताना जगभर त्यांचा आधार घेतला गेला.

आणि आपल्याकडे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, भारतात या कॅन्सरची तपासणी एकदा तरी करून घेतलेल्या बायका दोन टक्केही भरल्या नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या विषाणूवरची लस २०२३ पासून बाजारात आहे. मुलींना ती जरूर द्या. पण तिशी ओलांडलेल्या आईचं काम लसीनं भागत नाही, तिला तपासणीच हवी.

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयातली बाह्यरुग्ण खोली)

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे काय? डॉक्टर पिशवीचं तोंड जवळून बघतात. बिघडलेला भाग दिसला आणि तो लहान असला, तर थंड वायूनं गोठवून किंवा उष्णता देऊन तिथेच नष्ट करतात. बहुतेकींना भूल द्यावी लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. नंतर ठरल्या वेळी पुन्हा तपासणीला यायचं.