सही आली, आता पुस्तक हवं

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी आला की साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर मांडव उभा राहतो. ग्रंथ महोत्सवाचा मांडव. दोन दशकांहून अधिक काळ हे चाललंय, त्यामुळे आता कुणाला नवल वाटत नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि हल्ली संविधान. पुढं शाळांची लेझीम पथकं. एखादी चिमुरडी सावित्रीबाई होऊन काठापदराच्या साडीत चालत असते आणि साडी पायात येते म्हणून दर दहा पावलांना बाई तिच्या निऱ्या सारख्या करत असतात. सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, ३ जानेवारीचा जन्म. म्हणून महोत्सवाला हा महिना शोभतो.

दिंडीबद्दल, कविसंमेलनाबद्दल, परिसंवादांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला आज स्टॉलबद्दल बोलायचंय. तेही एका विशिष्ट गिऱ्हाइकाबद्दल. त्याच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आपला जिल्हा मोठा विलक्षण आहे. वाईला मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला आणि पुढं वीस खंड झाले. कराडजवळच्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार तर ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालंय. स्ट्रॉबेरीच्या मळ्यातून उठून कुणाच्याही ओसरीवर बसावं, कपाटातलं पुस्तक काढावं, पैसे नाहीत, की नावनोंदणीही नाही. आणि याच जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सात वर्षांवरच्या शंभर माणसांतली सतरा जणं निरक्षर होती. त्यात बायका जास्त.

आता थोडं मागं जाऊ. १९५९ साली साताऱ्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या चौदा ते पन्नास वयाच्या प्रत्येकाला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा तिचा खाक्या होता. शिक्षक वेगळा पगार न घेता शिकवायचे, शेतातून आलेली माणसं जेवणं उरकून वर्गाला यायची. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. अख्ख्या गावाचा सत्कार! या मोहिमेची कीर्ती एवढी झाली की दोनेक वर्षांत राज्यभर ती नेली गेली. पैसा फार नव्हता, गावाची ईर्षा होती. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपला राहिला, ही गोष्ट आपल्याकडं पाटलाला झोप लागू देत नाही.

पुढं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. काही महिन्यांत शिकलेली अक्षरं काही वर्षांत पुसली गेली. सगळ्यांची नाही, पण पुष्कळांची. शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी या मोहिमेबद्दल ही नोंद पुनःपुन्हा केलीय. कारण अगदी साधं होतं: वर्ग संपला आणि घरात वाचायला काही नव्हतं. मोहिमेच्या योजनेत फिरती ग्रंथालयं होती, पण ती सगळ्या वाड्यावस्त्यांपर्यंत टिकून राहिली नाहीत. माणसाच्या हाताशी उरलं ते देवळातलं पंचांग आणि एस.टी.ची पाटी.

आज पुन्हा तसाच प्रसंग आलाय. ‘उल्लास’ नावाचा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून देशभर चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. आपल्या राज्यात १७ मार्च २०२४ ला त्याची पहिली परीक्षा झाली. वाचन पन्नास गुण, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. जिल्हा परिषदेच्या शाळांत छोट्या बाकांवर आज्या बसलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या. कित्येक घरांत नात शिकवणारी आणि आजी शिकणारी. परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं, फ्रेम करून देवघराशेजारी लागलं. मग? मग आजीनं वाचायचं काय?

एका महोत्सवात मी एका स्टॉलच्या बाजूला उभा होतो. जावळीकडच्या बचत गटाच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. त्यातल्या एक बाई, पन्नाशी उलटलेल्या, बराच वेळ पुस्तकांवरून नुसता हात फिरवत होत्या. विक्रेता तरुण पोरगा. त्यानं विचारलं, ‘मावशी, काय दाखवू? पाककृती आहे, पोथ्या आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘मोठ्या अक्षरातलं हाय का? नातवासाठी.’ त्यानं लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक काढून दिलं. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, पहिलं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरलं. ‘कोंबडा आरवला’ एका दमात वाचलं. पुढं ‘सूर्य’ आला. रफारावर बोट थांबलं. ओठ हलताहेत, आवाज नाही. पोरानं पैसे मोजता मोजता, मान वर न करता सांगितलं, ‘सूर्य.’ बाईंनी ते वाक्य पुरं केलं, पुढचं पान वाचलं, आणि कनवटीचे वीस रुपये काढून पुस्तक घेतलं. नातू असेलही. पण ते पुस्तक कुणासाठी घेतलं होतं ते त्या पोराला कळलं होतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, हे मला फार आवडलं.

नातवाच्या नावानं स्वतःसाठी पुस्तक नेणारं हे गिऱ्हाईक प्रत्येक महोत्सवात असतं. त्याला जोडाक्षरं कमी असलेली पुस्तकं लागतात, टपोरं अक्षर लागतं, सोळा-वीस पानांत संपणारी गोष्ट लागते. आणि विषय मात्र मोठ्या माणसाचा लागतो. ससा-कासव दोनदा वाचून होतं, मग कंटाळा येतो. शेळीपालन, गुडघेदुखी, सात-बारा कसा वाचायचा, एखाद्या बाईच्या संसाराची कथा, हे हवं असतं. अशी पुस्तकं मराठीत आहेत. नॅशनल बुक ट्रस्टनं नवसाक्षरांसाठी म्हणून काढलीत. पण स्टॉलवर ती दिसत नाहीत. वीस रुपयांच्या पुस्तकावर सवलत देऊन विक्रेत्याला उरणार किती? त्याचं गाडीभाडंसुद्धा निघायचं नाही. त्याला दोष देता येत नाही.

दोष द्यायचाच तर मंडपाला द्यावा. उद्घाटनाचे सत्कार लांबतात, शाली संपतात, माणसं संपत नाहीत. कर्ण्याचा आवाज असा की स्टॉलवर किंमत विचारायची तर खुणेनं. (मी स्वतः भाषण करतोय, त्यामुळं एवढंच पुरे.) खेड्यातून आलेल्या बायकांची एस.टी. पाचची असते. खरेदीला त्यांच्या हातात जेमतेम तास उरतो.

काही शिक्षक मात्र फार शहाणपणानं खरेदी करतात. शाळेच्या अनुदानातून पुस्तकं घ्यायला येताना चौथी-पाचवीतली दोन मुलं बरोबर आणतात आणि त्यांनाच निवडू देतात. मुलं मुखपृष्ठ बघत नाहीत बरं का, मधलं पान उघडतात. गावच्या ग्रंथालयांनी हीच रीत उचलावी असं मला वाटतं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळं आपल्याकडं अनुदानित ग्रंथालयं गावोगाव आहेत, अगदी ‘ड’ वर्गातली एका खोलीची सुद्धा. त्यांचे कार्यकर्ते महोत्सवात गठ्ठ्यानं पुस्तकं घेतात. कादंबऱ्या, चरित्रं, स्पर्धा परीक्षा. यायच्या वेळी गावातल्या एखाद्या नवसाक्षर बाईंना सोबत आणा. निवडू दे त्यांना.

आणि महोत्सव भरवणाऱ्यांना एक विनंती. एकच टेबल टाका, कर्ण्यापासून लांब. त्यावर फक्त टपोऱ्या अक्षरांची, मोठ्यांच्या विषयांची पुस्तकं ठेवा, स्टॉलभाडं माफ करा, शेजारी दोन खुर्च्या ठेवा. टेबलावर ‘नवसाक्षरांसाठी’ अशी पाटी लावू नका. पाटी लावली की तिथं कुणी फिरकणार नाही. ‘मोठ्या अक्षरातली पुस्तकं’ एवढं पुरे, चष्मा विसरलेले सगळेच येतील.

ग्रंथपालांनो, उल्लासची परीक्षा कुणी कुणी दिली त्याची यादी तुमच्या गावच्या शाळेत असते. मुख्याध्यापकांना भेटा. पहिलं पुस्तक तुम्ही स्वतः घरी नेऊन द्या, वर्गणीचं नंतर बघता येईल. आणि परत आणायला जाल तेव्हा पुस्तक मळलेलं असलं, पिठाचे हात लागलेले असले, तर दंड लावू नका.

नमस्कार.