अप्सरा विहारात उतरण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

नवतपा तोंडावर आलाय. कूलरच्या ताट्या बदलून झाल्या, दुपारी दारं-खिडक्या लावून घेणं सुरू झालं, आणि तरी रात्री गच्चीवर डोळा लागत नाही म्हटल्यावर नागपुरातल्या घराघरांत एकच विषय निघतो. चला, कुठंतरी वर जाऊन येऊ. वर म्हणजे बहुतेक वेळा पचमढी.

हे काही आजचं नाही. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि पुढे उन्हाळा लागला की सरकार फायलींच्या पेट्यांसकट पचमढीला जाऊन बसू लागलं. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, म्हणजे आपल्या आजोबांना पचमढीला जाताना राज्याची सीमा लागतच नव्हती. महादेवाच्या भक्तांना तर सीमा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारी, नागपंचमीच्या आधी नागद्वारीच्या वाटेला लागणारी माणसं पाहा. निम्म्या गर्दीच्या तोंडी आपली वऱ्हाडी ऐकू येते.

पण आज मी बोलणार आहे तिथल्या एका डोहाबद्दल. अप्सरा विहार त्याचं नाव. पांडव गुफांपासून तो फार लांब नाही. जिप्सीवाला जंगलात एका ठिकाणी सोडतो, तिथून झाडीतून पायवाट खाली उतरते. आधी पाण्याचा आवाज येतो, मग गारवा लागतो, आणि मग एकदम समोर मोकळी जागा. एका खडकावरून लहानसा धबधबा डोहात पडतोय, काठाला वाळू, कडेचं पाणी पोरंसोरं बसून खेळतील इतकं उथळ. खोली आहे ती धबधब्याच्या पायथ्याशी. मे महिन्यात गेलात तर धार बारीक झालेली असेल, पण पाणी असतं, आणि ते थंड असतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यासारखं कोमट-गार नव्हे. पाय घातला की घोट्यापर्यंत कळ येते.

नावाची गोष्ट गाईड सांगतोच. इंग्रजांच्या काळात गोऱ्या मडमा इथं पोहायला यायच्या, जंगलातल्या लोकांनी त्यांना लांबून पाहिलं आणि या अप्सराच असं समजून बसले. मला ही कथा मडमांच्याच बंगल्यावर रचलेली वाटते. ज्या गोंड आणि कोरकूंनी या डोंगराची प्रत्येक कपार पायाखाली घातली, त्यांना ओली माणसं ओळखता येत नव्हती होय?

मला त्या नावापेक्षा तिथला दगड जास्त आवडतो. आधी पांडव गुफा पाहा, मग डोहाकडे जा. हा क्रम मोडू नका. गावाला लागूनच एक लहान टेकडी आहे, तिच्या पोटात पाच गुफा खोदलेल्या. त्यातल्या सगळ्यात हवेशीर गुफेला द्रौपदीची कुटी म्हणतात आणि अंधाऱ्या, कोंदट गुफेला भीमाची कोठडी. पांडव वनवासात इथं राहिले ही श्रद्धा आहे. अभ्यासक मात्र गुफांची घडण पाहून त्या बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असं मानतात. तुम्ही खांबावरून हात फिरवून पाहा. तळव्याला बारीक वाळू लागते. हा वालुकाश्म आहे. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी इथून मोठमोठ्या नद्या वाहत होत्या, त्यांनी आणून टाकलेली वाळू थरावर थर दाबली जाऊन हा दगड झाला. नदीनं केलेला दगड, आणि आज नदीच तो कापत बसली आहे.

आपल्यालाही हा दगड अगदी परका नाही. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, लाव्ह्याची. पण कामठीला जा, सिल्लेवाड्याकडे जा, तिथं वालुकाश्म निघतो. भूगर्भशास्त्रात त्या थरांना नावच कामठीचं आहे. कामठीचा दगड आणि पचमढीचा दगड गोंडवन या एकाच कुळातले, भाऊबंद म्हणा. फरक इतकाच की आपला भाऊ जमिनीत दबून राहिला आणि तिकडचा हजार मीटर उंच जाऊन बसला.

आता डोहातलं पाणी इतकं गार का, ते याच दगडात आहे. बेसाल्टवर पडलेलं पाणी बरंचसं वाहून जातं, भेगा असतील तिथंच मुरतं. वालुकाश्माच्या कणाकणांत जागा असते. पावसाळ्यातलं पाणी त्यात मुरतं, सावकाश सरकतं आणि पुढे महिनोन् महिने झऱ्यांतून पाझरत राहतं. म्हणून आपल्याकडचे नाले मार्चमध्येच कोरडे पडले तरी तिथल्या ओढ्याला मे महिन्यात पाणी असतं. जमिनीत काही मीटर खाली उन्हाळा पोचत नाही. तिथलं पाणी त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. त्यात पचमढी सुमारे १०६७ मीटर उंच, नागपूर ३१० मीटर. हजार मीटरला साडेसहा अंश असा ढोबळ हिशेब धरला, तर नुसत्या उंचीनंच पाचेक अंश कमी झाले. शिवाय घळीला ऊन लागतं ते दिवसाचे थोडेच तास. आणि धबधब्यावरून उडणारे तुषार वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातात, घरचा माठ करतो तेच काम. इतकं सगळं जुळून आल्यावर पाण्यानं गार राहायचं नाही तर काय करायचं?

आता पाण्यात उतरायचं. इथं मी जरा वेळ थांबणार आहे, कारण आपल्या लोकांची इथली घाई मला पाहवत नाही.

गाडीतून अडीचशे किलोमीटर घामाघूम येऊन, शर्ट काढून, "अबे, हट बाजूले!" म्हणत खडकावरून थेट उडी. प्रत्येक घोळक्यात असा एक वीर असतो आणि त्याचा व्हिडिओ काढणारे चार. होतं काय, ते समजून घ्या. अंग तापलेलं असताना एकदम गार पाण्यात पडलं की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. हा श्वास आपल्या हातात नसतो. छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, धाप लागते. दोन-तीन मिनिटांत हे ओसरतं, पण पहिला श्वास ओढताना डोकं पाण्याखाली असेल तर हवेच्या जागी पाणी आत जातं. पट्टीचे पोहणारेही यात सापडतात, कारण हा पोहण्याचा प्रश्नच नाही. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी काठावर पाय सोडून बसावं, त्यातही सुख कमी नाही. दारू पिऊन उतरणाऱ्यांना मी काय सांगणार? त्यांनी रेडिओ कधीच बंद केला असेल.

दुसरी गोष्ट नजरेची. पाणी स्वच्छ असलं की तळ वर आलेला दिसतो. चार फूट खोल पाणी वरून तीन फुटांचं वाटतं. म्हणजे उथळ वाटलं म्हणून पोराला सोडलं आणि पाणी छातीऐवजी गळ्याशी आलं, हे घडू शकतं. धबधब्याच्या अगदी खाली तर पाणी गोल फिरतं, पडणारी धार माणसाला तळाकडे ढकलते, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यानं अंग तरंगायलाही कमी मदत होते. तळाशी गोटे फिरून फिरून खळगे पडलेले असतात, पाय त्यात गेला की मुरगळलाच. काठावरच्या शेवाळाचं वेगळं सांगायला नको.

मग उतरायचं कसं? आधी पंधरा-वीस मिनिटं बसा, घाम निवू द्या. पाय, मग गुडघे, मग ओंजळीनं मान आणि तोंड ओलं करा. श्वास सावकाश सोडत कमरेपर्यंत जा आणि तिथं उभे राहा. आपल्या आज्या नदीवर गेल्या की आधी तळहातावर पाणी घेऊन डोक्याला लावायच्या, नदीला हात जोडायच्या, आणि मगच उतरायच्या. ती नुसती भक्ती नव्हती, असं मला वाटतं. थोड्या वेळानं अंग पाण्याला सरावतं. मग डोळे मिटून पाठीवर पडा, कान पाण्याखाली जाऊ द्या, धबधब्याचा आवाज आतून ऐकू येतो. ओठ निळे पडायच्या आत, दातांवर दात आपटायच्या आत बाहेर या. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. लहान पोरांची तर लवकर. "अजून पाच मिनिटं आई" ला बळी पडू नका.

पावसाळ्यात मात्र हा सगळा हिशेब बदलतो. डोहावर ऊन असलं तरी वरच्या जंगलात ढग फुटलेला असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली, आवाज वाढला, की चपला शोधत बसायचं नाही, उंचावर जायचं. वनरक्षक "आज पाण्यात नाही" म्हणाला, तर त्याच्याशी नागपुरी हुज्जत घालू नका.

या ठिकाणी मला स्टीफन हिस्लॉप आठवतात. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, पण नागपूरच्या आसपासच्या खडकांचा आणि त्यांतल्या जीवाश्मांचा सुरुवातीचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांत त्यांचं नाव वरचं. गोंडवनातले हे वालुकाश्म त्यांना ओळखीचे होते. १८६३ च्या सप्टेंबरात ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले आणि परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. इथल्या मातीतला दगड न् दगड ओळखणारा माणूस एका नाल्यानं नेला. मग दोन दिवसांच्या सहलीवर आलेल्या आपली काय कथा!

डोहातलं पाणी पुढे सपाट खडकावरून वाहत जातं, आणि थोड्याच अंतरावर कड्यावरून खाली झेपावतं. तो रजत प्रपात. सुमारे १०७ मीटर, एकाच उडीत. पाहायचा तो समोरच्या बाजूनं, कठड्याच्या आतून. ओढ्याच्या खडकांवरून प्रपाताच्या तोंडाशी जायचा मोह कुणी करू नये. उन्हाळ्यात तो कधीकधी एवढासा दिसतो आणि लोक "बस, हाच का?" म्हणून नाक मुरडतात. तो खरा पाहायचा असेल तर दिवाळीच्या आगेमागे जा. तेव्हा डोहही भरलेला असतो आणि पाणी निवळलेलं असतं.

साबण-शाम्पू गाडीतच ठेवा. तो ओढा पुढे देनव्याला मिळतो, देनवा तव्याला, तवा नर्मदेला. वाटेत सांबर, गवे त्यावरच पितात. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे ते. आपलं पाणी तरी कुठून येतं? सौंसर सोडल्यावर जी कन्हान ओलांडता, तीच छिंदवाड्याच्या डोंगरातून निघून आपल्या नळाला येते. पेंचचंही तेच. वरच्या लोकांनी तिच्यात काय सोडावं असं तुम्हाला वाटतं, तेवढंच तुम्ही तिकडे सोडा.

राहिला प्रश्न वेळेचा. पचमढीत सहल म्हणजे पॉइंटांची यादी. एका दिवसात आठ, दहा पॉइंट, प्रत्येकाला अर्धा तास, जिप्सीवाला हॉर्न वाजवतोय, पोरं ओल्या कपड्यांनी गाडीत. माझा सल्ला असा की निम्मे पॉइंट सरळ सोडून द्या. सकाळी गुफा, मग डोह, आणि दुपारपर्यंत तिथंच. जिप्सी ठरवतानाच हे बोलून घ्या, म्हणजे नंतर वाद नाही. धूपगड संध्याकाळसाठी राहू द्या. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे, १३५० मीटर, सूर्यास्त तिथूनच पाहायचा. बाकीचं पुढच्या खेपेला.

जायचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि वर. पहाटे निघालात तर जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेऊन, छिंदवाड्यात पोहे खाऊन, जेवायला पचमढीत पोचता. तामियाच्या पुढे अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, वळणं आहेत आणि जनावरं रस्त्यावर येतात. आणि नागपंचमीच्या आधीचे दिवस टाळा. तेव्हा अख्खा विदर्भ नागद्वारीला लोटलेला असतो, खोल्या मिळत नाहीत. अर्थात तुम्हीच नागद्वारीला निघाला असाल तर गोष्ट वेगळी. मग डोहाचा नाद सोडा आणि यात्रा करून या.

नमस्कार.