दाटी आहे, काम कुठे आहे?

नमस्कार श्रोतेहो. शहर दाटीवाटीचं असलं की काम घराजवळ असतं, असं आपण धरून चालतो. मुंबईत मात्र हे गणित चुकतं.

एकेकाळी लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आख्खं बिऱ्हाड, वर गावाकडून आलेले गडी पाळीपाळीनं झोपणारे. त्या राहण्याचे गोडवे गावेत असं काही नव्हतं. पण भोंगा झाला की माणूस चालत गिरणीच्या गेटवर. दाटीच्या मधोमध काम होतं.

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या एकेक करत बंद पडल्या. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनं तिचे तीन वाटे सांगितले: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरतीच ठेवली आणि पहिले दोन वाटे पार आक्रसले. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली ही दुरुस्ती कायम केली. गिरणीच्या जागी काचेची ऑफिसं आली, मॉल आले. तिथे काम करणारे मात्र डोंबिवली, बदलापूर, विरारहून येऊ लागले. स्टेशनचे पूल होते तेवढेच. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस, अफवा ही निमित्तं म्हणा. जमिनीचा वापर बदलताना येणाऱ्या माणसांचा हिशेब कुणी मांडला नव्हता, असं मला वाटतं.

डोंबिवलीतही इमारतीला इमारत खेटून आहे. एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत आहे, पण ती सगळ्यांना पुरत नाही. म्हणून सकाळी सीएसएमटीकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि उलट दिशेच्या गाडीत खिडकीसुद्धा मिळून जाते.

नवी मुंबईत हे टाळायचं ठरलं होतं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०ची. मंत्रालय तिकडे न्यायचा विचार होता, तो राहून गेला. लोकल वाशीला पोचली १९९२मध्ये. मुंबईतला घाऊक बाजार मात्र तिकडे हलला, आणि तिथे ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना कोपरखैरणे-घणसोलीत घरं मिळाली. बाजार तिथून हाकेच्या अंतरावर नाही, पण गाडी बदलत शहर पार करावं लागत नाही.

आता गिरणी कामगारांच्या वारसांना शेलू-वांगणीला घरं द्यायचं चाललंय. म्हणजे बदलापूरच्याही पुढे! वारसांनी आझाद मैदानात आंदोलन केलं. घर द्या, पण मुंबईतच द्या, ही त्यांची मागणी आहे.