छाट कोण काढतो?

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'छाट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मांडीवर सूप घेऊन वळलेल्या हजार विड्या कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेल्या की तपासणारा माणूस त्या पाहतो आणि सैल वळलेली, आखूड राहिलेली किंवा फाटक्या पानाची विडी बाजूला टाकतो. ती छाट, तिचे पैसे मिळत नाहीत. मात्र छाट काढणारा माणूस समोर बसलेला असतो. "ही का टाकली?" असे त्याला विचारता येते, त्याच्याशी भांडता येते आणि भांडून काही विड्या परत मोजूनही घेता येतात.

आज मला विड्यांच्या नव्हे, तर माणसांच्या छाटीविषयी बोलायचे आहे. ही छाट संगणक काढतो, आणि तो समोर बसलेला नसतो.

शिधापत्रिका, बँक, गॅस, वीजबिल, शाळा, दवाखाना, मोबाइलचे रिचार्ज या प्रत्येक ठिकाणी आपली नोंद होते. अशा लाखो नोंदी एकत्र करून, माणसाच्या नजरेला सहज न दिसणारे संबंध संगणकाकडून शोधून घेणे म्हणजे डेटा मायनिंग. डेटासाठीचा 'विदा' हा शब्द सरकारी परिपत्रकात शोभतो, परंतु आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवूनही तो माझ्या जिभेवर बसला नाही. 'नोंदी' या साध्या शब्दात काय कमी आहे, हे मला कळत नाही. असो. १९९३ साली संगणकशास्त्रज्ञ राकेश अग्रवाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दुकानातील बिलांवरून कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर घेतली जाते हे शोधण्याची पद्धत मांडली. दुकानदारासाठी निघालेली ती वाट पुढे गरिबी, रोगराई आणि स्थलांतर यांच्या अभ्यासापर्यंत येऊन पोहोचली.

तिचा उपयोग झालेला नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात भूकंप झाला, तेव्हा राजधानीतून बाहेर पडलेली माणसे कोठे गेली हे कोणालाच ठाऊक नव्हते. मोबाइल कंपनीने नावे वगळून दिलेल्या सिमकार्डांच्या नोंदींवरून अभ्यासकांनी असा अंदाज काढला की सुमारे सहा लाख तीस हजार माणसे जानेवारीअखेरपर्यंत शहराबाहेर गेली होती, आणि ती कोणत्या भागांत गेली हेही त्यांना दाखवता आले. अन्न आणि औषध कोठे पाठवावे हे ठरवण्यास याहून चांगला आधार त्या वेळी क्वचितच मिळाला असता.

"नावे वगळली म्हणजे झाले" असे मात्र कोणी म्हणाले तर त्यावर विसंबू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एखादी व्यक्ती कोणत्या वेळी कोठे होती अशी फक्त चार ठिकाणे माहीत असली, तर त्यांतील ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येत होती. सकाळी ब्रँच, दुपारी मुलीच्या शाळेचे फाटक, संध्याकाळी बहिणीचे घर, रात्री आपली गल्ली. एवढ्यावर माणूस ओळखू येतो. नाव लागत नाही.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या पुण्यातील गोखले संस्थेने आपल्या सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळच्या पाहणीत माणूस वही घेऊन दारात येत असे. घरातल्या बाईला निदान एवढे कळत असे की आपल्याला कोणीतरी विचारीत आहे, आणि उत्तर द्यायचे नसेल तर दार लोटून घेता येत असे. डेटा मायनिंगमध्ये दारच नसते. एका कामासाठी दिलेली नोंद दुसऱ्याच कामासाठी वापरली जाते, आणि जिची नोंद आहे तिला विचारलेले नसते. हा मुद्दा मी पुन्हा सांगतो: तिला विचारलेले नसते.

याचा धडा मला ज्या प्रसंगाने दिला, तो आता सांगतो. तो सांगण्यासाठीच खरे तर मी आज येथे आलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने विडी कामगार महिलांच्या मुलींना शिक्षणासाठी मदत देण्याचे ठरवले. अडीच हजारांच्या आसपास अर्ज आले होते, आणि खरे गरजू निवडण्यासाठी त्यांची पडताळणी करून देण्याचे काम माझ्याकडे आले. संस्थेने मला अर्जांबरोबर आणखी चार ठिकाणच्या याद्या दिल्या. त्या कोठून मिळवल्या हे मी विचारले नाही. संगणकाने त्या जुळवल्या आणि दोन दिवसांत एक विलक्षण गोष्ट दाखवली: एक्केचाळीस अर्जांवर एकच मोबाइल क्रमांक होता. प्रोग्रामने त्या एक्केचाळीसही अर्जांपुढे 'संशयित' असा शेरा मारला. संस्थेचे अधिकारी खूश झाले. "सर, एजंट सापडला," असे ते म्हणाले, आणि मीही अहवालाच्या मसुद्यात 'मध्यस्थ असण्याची दाट शक्यता' असे सुबक अक्षरात लिहिले.

जुन्या सवयीप्रमाणे, अहवाल देण्यापूर्वी थोडी पडताळणी प्रत्यक्ष करावी म्हणून मी तो क्रमांक फिरवला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, आणि तिने पहिला प्रश्न केला, "कुणाच्या ओटीपीसाठी फोन केलाय?"

एप्रिलच्या उन्हात मी ते घर शोधत गेलो. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता. ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास भरलेल्या एका खोलीत आई विड्या वळत होती, आणि बारावीत शिकणारी मुलगी दोरा गुंडाळता गुंडाळता काच तडकलेला फोन सांभाळत होती. गल्लीतल्या बहुतेक बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता; ज्या घरी होता तेथे तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात कामावर जात असे. गॅस असो, बँक असो, शिष्यवृत्ती असो, अर्जावर क्रमांक लागतोच, म्हणून सगळ्यांनी या मुलीचा क्रमांक दिला होता. मी ज्याला एजंट म्हणत होतो, तो एक्केचाळीस घरांनी मिळून वापरलेला एक फोन होता.

तिने एक जाड वही ठेवली होती. कोणाचा ओटीपी, कोणत्या कामासाठी, किती वाजता आला आणि त्या बाईला समक्ष सांगितला की नाही, अशा रकान्यांत तेलुगू अक्षरांत नोंदी होत्या. उद्या कोणाचे पैसे गेले तर आपल्यावर बोट येऊ नये, म्हणून ही व्यवस्था तिने स्वतःच बसवली होती. माझ्यातला मास्तर हरखला. "ही वही मला दोन दिवस दे, याचे फोटो घेतो," असे मी म्हणालो. तिने वही मिटली.

"वही माझी नाही सर, त्यांची आहे. विचारून येते," ती म्हणाली.

आणि ती खरोखरच दारोदार गेली. तिच्या आईने दोनदा चहा केला. सव्वा तासाने मुलगी परतली तेव्हा तिने सांगितले की बाकीच्यांची हरकत नाही, काहींनी 'कशासाठी' असे विचारले म्हणून त्यांना सांगावे लागले, आणि एक काकू नको म्हणाल्या. मग तिने वहीतून त्या काकूंच्या नोंदींची पाने शोधली, ती एकावर एक घेतली आणि सुपातला विडीचा दोरा घेऊन बांधून टाकली. "त्या का नको म्हणाल्या?" असे मी विचारले. "ते मी नाही विचारलं," असे तिने उत्तर दिले.

श्रोतेहो, त्या वेळी माझ्या पिशवीत लॅपटॉप होता, आणि त्यात त्याच काकूंचे वीजबिल, त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूचे वर्ष, मुलाने शाळा कधी सोडली आणि त्यांच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे सारे एका ओळीत लिहिलेले होते. पाच याद्यांतून जुळवलेली ती ओळ बांधायला माझ्याकडे दोरा नव्हता.

आता कायदा आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, आणि २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. संमतीसाठीची सूचना संविधानाच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात ही तरतूद किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. मात्र अनुदान आणि सरकारी लाभ देण्याच्या कामी, काही अटींवर, सरकारला वेगळी संमती न घेताही माहिती वापरण्याची मोकळीक त्याच कायद्यात आहे, आणि गरिबांची छाट निघते ती नेमकी तेथेच. नेदरलँड्समध्ये सरकारी लाभांतील गैरप्रकार हुडकण्यासाठी अनेक खात्यांच्या नोंदी जुळवणारी एक यंत्रणा होती. ती कशी निर्णय करते हे पुरेसे उघड नाही आणि तिच्यामुळे खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग होतो, असे म्हणत हेग येथील न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी तिचा कायदेशीर आधार रद्द ठरवला. छाट काढणारा समोर बसला पाहिजे, असेच ते न्यायालय आपल्या भाषेत म्हणत होते, असे मला वाटते.

त्या काकूंचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. घरी येऊन मी त्यांची ओळ पुसून टाकली आणि मोठे पुण्यकर्म केल्यासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी संस्थेतील एका तरुण कारकून बाईंनी विचारले, "सर, एक अर्ज कमी कसा? त्यांनी वही नको म्हटली, मदत नको असं कुठे म्हटलंय?" मी खजील झालो. अर्ज होता तसा परत घातला आणि इतर चार याद्यांतून त्यांच्याविषयी आणलेले रकाने तेवढे रिकामे केले; त्यानंतर उरलेल्या चाळीस जणींचेही केले, कारण त्यांनीसुद्धा होकार वहीला दिला होता, माझ्या याद्यांना दिला नव्हता.

मदत सर्वांना मिळाली, पण उशिरा. एक्केचाळीस अर्जांपुढचा 'संशयित' हा शेरा काढायला तीन महिने लागले. तो संगणकाने मारला होता, आणि पुसण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या संस्थेत कोणालाच सांगता येत नव्हते.

नमस्कार.