मॉडिफाय केलेली गाडी एक्स्चेंजला देताना

मागच्या दिवाळीनंतर एक मुलगा माझ्या वकिलीच्या ऑफिसला आला, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, फाइल वगैरे काही नाही, नुसता मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, सर, हे वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर शोरूमचा मेसेज. तुमची जुनी गाडी रिमॅप केलेली होती, टर्बो गेलाय, एक लाख दहा हजार भरा, नाहीतर एक्स्चेंज बोनस देणार नाही आणि आरसी ट्रान्सफर थांबवू. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, ईसीयूमधली, कंपनीची फाइल बदलून ताकद वाढवणं, आणि एक्स्चेंज बोनस म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दल किमतीच्या वर मिळणारी रक्कम. गाडी देऊन ४१ दिवस झाले होते, नवी गाडी ह्याच्या पार्किंगमध्ये उभी, जुनी त्यांच्या यार्डात, आणि जुन्या गाडीच्या आरसीवर अजून नाव ह्याचंच.

आज मी जे बोलणार आहे ते ह्या एका मेसेजभोवतीच फिरतं, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्याकडे आलेली अशी बहुतेक भांडणं ह्याच साच्यातली आहेत. मालक म्हणतो मी गाडीवर दीड लाख घातलेत, त्याचे काहीतरी द्या. शोरूम म्हणतं तुझ्या दीड लाखामुळेच गाडी विकत नाही. आणि दोघांच्याही हातात कागद नसतो.

आधी मॉडिफिकेशनचं बोलू, कारण तिथेच लोकांचा गोंधळ आहे. मोटर वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५२. त्याचा सरळ अर्थ असा की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील ह्यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने के. जयचंद्र ह्यांच्या प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. केरळ हायकोर्टाने थोडी मोकळीक दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने काढून घेतली. त्या निकालानंतर पेपरात छापून आलं की आता सगळंच बेकायदा, तसं नाहीये. रंग बदलता येतो, आरटीओची परवानगी घेऊन. सीएनजी किट बसवता येतं, मंजूर किट असेल आणि आरसीवर नोंद केली तर. इंजिन बदलता येतं, तेही परवानगीने. बदल झाला की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. बाकी बुल बार लावले, गाडी उचलून मोठे टायर टाकले, सायलेन्सर कापला, काचांना काळी फिल्म मारली, ह्यातलं प्रत्येक तुम्हाला वेगवेगळ्या कारणाने अडचणीत आणतं. काळ्या फिल्मवर तर २०१२ सालीच सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. चार बदल म्हणजे वीस हजार.

आता हे सगळं एक्स्चेंजच्या भांडणात कुठे येतं? शोरूम तुमची गाडी स्वतःकडे ठेवायला घेत नाही ना, ते पुढे विकणार, आणि विकताना नवा गिऱ्हाईक आरसी बघतो, आरटीओला जायची वेळ आली तर तिथला इन्स्पेक्टर गाडी आणि कागद जुळवतो. रंग जुळला नाही, सीएनजीची नोंद नाही, की गाडी अडली. म्हणून तुमच्या अलॉय चाकांना शोरूमचा माणूस शून्य किंमत लावतो तेव्हा तो दर वेळी लबाडी करतो असं नाही, पुष्कळदा त्याला ते सगळं काढून स्टॉक, म्हणजे कंपनीचे मूळ पार्ट लावायचा खर्च दिसत असतो. ही त्यांची बाजू आहे आणि ती खरी आहे, मी मालकांचा वकील असूनही सांगतो.

पण किंमत लावणं एक, आणि गाडी घेऊन झाल्यावर महिन्याने पैसे मागणं दुसरं. इथे मोटर वाहन कायदा बाजूला ठेवायचा आणि १८७२ चा करार कायदा उघडायचा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि उदाहरण दिलंय घोड्याचं. मला हे उदाहरण कॉलेजात असल्यापासून फार आवडतं. अ ने ब ला लिलावात घोडा विकला, घोडा अधू आहे हे अ ला माहीत होतं, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण पुढे आणखी एक उदाहरण आहे, ब म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन, आणि अ गप्प बसतो. आता मात्र ते गप्प बसणं म्हणजे बोलल्यासारखंच आहे.

घोड्याच्या जागी गाडी ठेवा. शोरूमचा व्हॅल्युएटर, म्हणजे जुन्या गाडीची किंमत ठरवणारा माणूस आला, गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं, चक्कर मारून आला, आकडा सांगितला, तुम्हाला काही विचारलंच नाही आणि तुम्हीही रिमॅपचं सांगितलं नाही, तर हे पहिलं उदाहरण. त्याने फॉर्म पुढे केला, त्यात छापलेलं आहे की वाहनात कोणताही बदल केलेला नाही, आणि तुम्ही खाली सही केली, तर मग तुम्ही गप्प नाही राहिलात, तुम्ही खोटं लिहून दिलंत. लोक हा फॉर्म वाचत नाहीत हो. नवी गाडी घ्यायच्या आनंदात, बायकोमुलं शोरूमच्या सोफ्यावर बसलेली, पेढ्यांचा बॉक्स तयार, सेल्सवाला म्हणतो सर इथे, इथे आणि इथे, आणि माणूस अकरा ठिकाणी सही करतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण नंतर त्या अकरातली एक सही माझ्यासमोर झेरॉक्स होऊन येते.

आणखी एक कलम सांगतो, १९. चुकीच्या माहितीमुळे करार झाला तर तो रद्द करता येतो असं ते कलम म्हणतं, पण त्याला अपवाद आहे: समोरच्याला साधारण काळजी घेऊन खरं काय ते शोधता आलं असतं तर नाही. माझ्या मते ह्या भांडणांचा सगळा जीव ह्या अपवादात आहे. रस्त्यावरचा माणूस जुनी गाडी घेतो तेव्हा त्याला कळणार नाही की ईसीयूमधली फाइल बदललीय. पण शोरूम? रोज गाड्या तपासणारी माणसं, पगारी व्हॅल्युएटर, मागे स्वतःचं वर्कशॉप, स्कॅनर, जाहिरातीत लिहायचं की आम्ही शंभराहून जास्त मुद्दे तपासतो, आणि मग कोर्टात म्हणायचं आम्हाला कसं कळणार? नाही चालत. जेवढी तुमची तपासणी मोठी तेवढं कळलं नाही म्हणणं अवघड.

पण त्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मालकांनी नीट ऐका. हा अपवाद गप्प बसण्याला आणि चुकीच्या माहितीला आहे, मुद्दाम लपवण्याला नाही. माझ्याकडे दुसरा एक गृहस्थ आला होता, त्याने व्हॅल्युएशनच्या आदल्या रात्री ट्यूनरकडे, म्हणजे रिमॅप करणाऱ्याकडे जाऊन स्टॉक फाइल परत टाकून घेतली होती, आणि ट्यूनरशी चॅटमध्ये लिहिलं होतं, उद्या शोरूमवाले येतायत, आज रात्री करून दे. मी ते वाचलं आणि त्याला म्हटलं, हे प्रकरण लढू नका, बसून मिटवा. त्याला माझा राग आला. पण तुम्ही पुसून टाकल्यावर समोरच्याने शोधायला हवं होतं असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आता उलटी तक्रार, शोरूमकडून होणारी. व्हॅल्युएशन झालं तेव्हा गाडीला १७ इंची अलॉय होते, चांगला स्टीरिओ होता, आकडा ठरला सहा लाख चाळीस. डिलिव्हरीच्या दिवशी मालक गाडी घेऊन आला तर खाली जुनी स्टीलची चाकं आणि डॅशबोर्डला भोक. मालक म्हणतो तुम्ही अलॉयचे काही दिलेच नव्हते म्हणून मी काढले. शोरूम म्हणतं आम्ही जी गाडी बघितली ती ही नाही. इथे मला शोरूमचं पटतं. सौदा ठरतो तो समोर उभ्या असलेल्या गाडीचा. काढायचं असेल तर व्हॅल्युएशनच्या आधी काढा, किंवा व्हॅल्युएशन शीटवरच लिहून घ्या, अलॉय वगळून. दोन शब्द, पण त्या दोन शब्दांवाचून मी दोन-दोन वर्षं तारखा बघितल्यात.

मात्र ह्याच्याबरोबर होतं असं की डिलिव्हरीच्या दिवशी गाडी तशीच्या तशी असूनही शोरूम आकडा खाली आणतं. मॅनेजर म्हणतो वरून अप्रूव्हल नाही आलं, सायलेन्सर आफ्टरमार्केट आहे, कंपनीचा नाही, पन्नास हजार कमी करा. हा सायलेन्सर व्हॅल्युएटरच्या फोटोत चकाकताना दिसतोय! आणि मुहूर्त टळेल म्हणून माणूस हो म्हणतो. तेव्हा हो म्हणायचं झालंच तर निदान कागदावर लिहा की मान्य नसताना सही केली.

आता आरसी. त्या मुलाच्या बाबतीत पैशांपेक्षा मला ह्याची काळजी जास्त वाटली. कायद्याच्या नजरेत मालक तो ज्याचं नाव नोंदलेलं आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या प्रकरणात हेच सांगितलं, तिथे गाडी एकामागून एक हातातून हातात गेली होती, अपघात झाला, आणि नुकसानभरपाई कुणावर? आरसीवरच्या माणसावर, ज्याने गाडी केव्हाच विकली होती. म्हणजे तुमचा आफ्टरमार्केट सायलेन्सर लावलेली गाडी यार्डातला पोरगा रात्री फिरवायला घेऊन गेला आणि कुणाला धडक दिली तर दारात पोलीस तुमच्या येतात. गाडी दिल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं काम विकणाऱ्याचं आहे, फॉर्म २९, आणि ते शोरूमवर सोडून द्यायचं नसतं. १ एप्रिल २०२३ पासून नियम आणखी चांगले झालेत, जुन्या गाड्यांचा अधिकृत डीलर असेल तर गाडी ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर जाते, फॉर्म २९-सी, आणि तिथून पुढे तो डीलर मानीव मालक, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो, जबाबदारी त्याची. तेव्हा चावी द्यायच्या आधी विचारा की तुमच्याकडे हे ऑथरायझेशन आहे का आणि २९-सी ची पावती मला कधी देणार.

भांडण करायचं कुठे? नवी गाडी विकत घेतलीत म्हणून तुम्ही ग्राहक आहात, आणि एक्स्चेंज बोनस, जुन्या गाडीची किंमत हे त्याच व्यवहाराचे भाग आहेत असं आपण मांडतो. जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, फी नव्या गाडीला मोजलेल्या रकमेवर, म्हणजे १४ लाखांची गाडी असेल तर फक्त ४०० रुपये, आणि वकील नसला तरी चालतं. शोरूमला मात्र तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण त्यांनी गाडी पुन्हा विकायलाच घेतली. त्यांना दिवाणी कोर्टाचा रस्ता, तिथे फसवणूक सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, टर्बो रिमॅपमुळेच गेला हे दाखवायचंही त्यांनाच, आणि ४१ दिवस गाडी कुणी किती चालवली ते पण. म्हणूनच ते कोर्टात जात नाहीत, ते आरसी अडवून बसतात.

त्या मुलाचं मी काय केलं ते सांगतो. फॉर्मची कॉपी मागवली, बदल आहेत का हा रकाना कोरा होता. व्हॅल्युएटरच्या फोटोत बाहेरून बसवलेला इनटेक, इंजिनात हवा घेणारा भाग, स्पष्ट दिसत होता, आणि व्हॅल्युएटरनेच मेसेज केला होता की गाडी एकदम मस्त खेचते. नोटिशीत पैशांचं फार काही लिहिलं नाही, आधी लिहिलं की गाडी अमुक तारखेपासून तुमच्या ताब्यात आहे, त्यानंतरच्या प्रत्येक अपघाताची, चलानाची जबाबदारी तुमची, सात दिवसांत ट्रान्सफरचा पुरावा द्या. आरटीओलाही त्याच दिवशी अर्ज. नवव्या दिवशी ट्रान्सफर झाली. बोनसचे पैसे दीड महिन्यांनी आले, एक लाख दहाचा विषय परत कुणी काढला नाही.

मघाशी मागे बसलेल्या काकांनी चिठ्ठी पाठवलीय, त्यांना पोलिओ आहे, गाडीला हाताने चालवायचे कंट्रोल बसवलेत, ती एक्स्चेंजला देता येईल का. काका, तुमचा बदल कायद्याला मान्य आहे आणि आरसीवर तशी नोंद असणार. कंट्रोल नव्या गाडीला वापरायचे म्हणून काढून घेणार असाल तर आधी आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या, मगच व्हॅल्युएटरला बोलवा. आणि तशीच द्यायची असेल तर शीटवर कंट्रोलसहित असं लिहून घ्या, कुणा दुसऱ्याला तीच गाडी हवी असू शकते, शोरूमने ती मोडून साधी करायच्या आत त्याच्यापर्यंत पोचायला हवी.